म्हातारीच्या वाट्याचं दूध

खुलभर दुधाची कहाणी मी लहानपणापासून श्रावणी सोमवारी ऐकत आले, पुढे स्वतः वाचतही आले. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटते. गाव घरातलं सगळं दूध देवळात नेऊन ओततं, पोरंबाळं आणि वासरं उपाशी राहतात, पण गाभारा काही भरत नाही. मग दुपारी एक म्हातारी येते. तिने घरातल्या सगळ्यांना आधी पोटभर घातलेलं असतं. उरलेलं खुलभर, म्हणजे इवल्याशा भांड्यात मावेल एवढं, दूध ती ओतते आणि गाभारा भरतो. या कहाणीत काही राहून गेलंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर करायचं काय, याला पुण्यात उत्तरं पुष्कळ आहेत. गाणं शिकावं, टेकडी चढावी, नाहीतर दुसऱ्यांच्या चुका काढाव्यात. तिसरं मी नोकरीत असल्यापासूनच करत होते, म्हणून काहीतरी नवीन हवं होतं. शनिवार पेठेत चित्रकलेचे एक निवृत्त सर कळसूत्री बाहुल्या शिकवतात असं कळलं आणि मी जायला लागले. थोरल्या जाऊबाई सोबत म्हणून यायच्या. दीर गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. महिनाभर त्या कोपऱ्यात बसून वाती वळत होत्या. एकदा सरांनी सहज त्यांच्या हातात बाहुलीची लाकडी फुली दिली. बाहुलीचे सगळे दोरे त्या फुलीला बांधलेले असतात. आमच्या हातात बाहुली झिंगल्यासारखी चालायची, जाऊबाईंच्या हातात ती घरातल्या बाईसारखी चालली. सर एवढंच म्हणाले, "म्हातारी तुमची."

शेजारच्या महिला मंडळाने श्रावणातल्या सोमवारी प्रयोग ठेवला होता. कहाणी वाचणार मी, राजा सरांचा आणि बाकी गाव वर्गातल्या उरलेल्या तिघांचं.

तालमीत एक गंमत कळली. वाचताना 'घरच्या सगळ्यांना खाऊपिऊ घातलं' हे एका दमात होऊन जातं. बाहुलीला मात्र ते खरंच करावं लागतं. नातवापाशी जा, वाक, उठ. सुनेपाशी जा, वाक, उठ. मग गोठ्यात वासराकडे. जाऊबाई स्टुलावर उभं राहून हे सगळं निगुतीने करत होत्या. एके दिवशी वासराचं पिऊन झालं आणि त्या थांबल्या.

"आणि हिने काय खाल्लं?"

"कुणी?" सरांनी विचारलं.

"म्हातारीने."

"कहाणीत तसं काही नाही."

"तेच म्हणतेय मी."

सरांनी चष्मा पुसला. "अहो वहिनी, तिने आधी तोंड लावलं तर देवाला उष्टं दूध जाईल. समोर मंडळाच्या बायका बसणार आहेत. त्या मला घरी जाऊ देतील का?"

"देवाचं ती आधी बाजूला काढेल ना. आपण नैवेद्य काढतो तसं. मग उरलेल्यातलं घोटभर प्यायली तर देवाचं काय जातंय?"

"कहाणी आहे तशीच होईल," सर म्हणाले.

जाऊबाईंनी फुली शांतपणे खुंटीला अडकवली. "मग हिला तुम्हीच नाचवा. उपाशी बाईला मी देवळात नेणार नाही."

 घरी येताना मी मनातल्या मनात सरांना फाडून खात होते. मी या घरात आले तेव्हा आम्ही अकरा माणसं होतो. जाऊबाई सगळ्यांना वाढून शेवटी, पातेल्यातलं खरवडून जेवायच्या. मी थांबते म्हटलं तर म्हणायच्या, "तू बस गं, मला भूक नाही." आता आम्ही तिघंच आहोत, तरी गरम पोळी त्यांच्या पानात पडत नाही. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मी पाहिलं नाही. आणि आता मागितलं, तेही एका कागदाच्या लगद्याच्या बाहुलीसाठी, घोटभर दूध. मला रडू आलं आणि संतापही आला. संताप आधी आला.

म्हातारीला नवं लुगडं शिवायचं म्हणून मी ती दुसऱ्या दिवशी घरी आणली. लुगडं बाजूला ठेवलं आणि दाभण घेतला. उजव्या हाताला देवाची वाटी तारेने पक्की केलेली होती. मंडईमागून आणलेली भातुकलीतली पितळी वाटी, ती काढणं शक्य नव्हतं. म्हणून डाव्या तळव्याला दोरा बांधला, तोंडातून आत घातला, डोक्यामागून बाहेर काढून वर फुलीला नेला. ओढला की हात थेट ओठांना. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पुढे येऊन एकदा दोरा ओढला, मग पुन्हा ओढला. "पितेय गं," म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

सरांपुढे बाहुली ठेवली तेव्हा भांडायला मी पूर्ण तयारीत होते. त्यांनी दोरा ओढून पाहिला. म्हातारी प्यायली. त्यांनी पुन्हा ओढला. "गाठ कच्ची आहे," ते म्हणाले, आणि सोडून नीट बांधली. पुण्यात याला होकार म्हणतात.

प्रयोगाला हॉल भरला होता. पुढे सतरंजीवर नातवंडं, मागे खुर्च्यांवर आज्या, कित्येकींच्या मुठीत कहाणीच्या अक्षता. म्हातारीने देवाचं दूध काढून घेतलं, नातवाला पाजलं, सुनेला दिलं, वासराला दिलं. इथे मी वाचायची थांबले, कारण पुढे कहाणीत शब्दच नव्हते. म्हातारी जरा टेकली. तिचा हात हळूहळू वर गेला आणि ती प्यायली. जाऊबाईंनी मुळीच घाई केली नाही. सतरंजीवरून एक पोरगी ओरडली, "आजीपण पितेय!" मागून कुणी हूं की चूं केलं नाही. मग म्हातारी उठून देवळात गेली, वाटी कलली आणि गाभाऱ्यातलं पांढरं साटीन फुगत फुगत काठाला आलं. टाळ्या पडल्या, अक्षता पडल्या, काही माझ्या चष्म्यावरही पडल्या. मला फार बरं वाटलं.

पडदा पडल्यावर मंडळातल्या सगळ्यात वडील बाई आत आल्या. आता उष्ट्याचा विषय निघणार म्हणून सर माझ्यामागे सरकले.

"छान झालं हो. पिते तेही आवडलं," बाई म्हणाल्या. "पण एक सांगू का? म्हातारी दूध डाव्या हाताने प्यायली."

 उष्ट्यावरून आम्ही एवढं रामायण केलं, पण इतक्या तालमींत हाताकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. 

जाऊबाई स्टुलावरून उतरत होत्या. त्या म्हणाल्या, "हो. उजवा कधी रिकामाच नव्हता तिचा."

 बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि जाऊबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.