स्ट्रासबुर्गचा नाताळबाजार आणि भोरचा तिसरा राजा

लंडनचे काम संपले तेव्हा मार्सेलिसहून आगबोट सुटायला अजून आठवडा होता. सोबतची मंडळी पॅरिसलाच रमली. मी स्ट्रासबुर्गचे तिकीट काढले. तिथला नाताळचा बाजार फार जुना, त्यावर काहीतरी लिहून पाठवा, असे संपादकांचे म्हणणे होतेच. पण मला ओढून नेले ते खिशातल्या एका फोटोने.

फोटो अनसूयाकाकूंनी दिलेला. भोरला आमच्या आळीत त्या राहतात. त्यांचा मुलगा दत्तू कापड रंगवण्याचे शास्त्र शिकायला स्ट्रासबुर्गला गेला, त्याआधी गुंजवण्याच्या पाटलांच्या ताराशी त्याची सुपारी फुटली होती. वर्षभरात दत्तूचे वडील वारले, पत्रे विरळ झाली आणि मग दत्तूचा हा फोटो आला. अंगात पायघोळ मखमली झगा, डोक्यावर मुकुट, हातात नक्षीची पेटी, शेजारी आणखी दोन मुकुटवाले. आमचे भोर संस्थानी गाव. दरबारी पोशाख कसा असतो हे शेंबड्या पोरालाही कळते. दत्तूला तिकडच्या राजाने दरबारात मान दिला, असे ठरून गेले. काकूंनी पेढे वाटले. पाटलांनी ताराला सांगून आलेले दुसरे स्थळ परतवून लावले. फ्रान्सात राजा नाही, हे आळीत कोणालाच ठाऊक नव्हते. मला होते, पण काकूंपुढे ते बोलवले नाही.

"त्याला संगं घिऊनच ये, इष्णू," काकू निघताना म्हणाल्या. "दरबारातनं रजा मिळत नसंल, तर राजाला माझं नाव सांग."

पॅरिसहून सकाळच्या गाडीत बसले की दिवस कलताना स्ट्रासबुर्ग येते. तिसऱ्या वर्गात लाकडी बाके असतात, बुडाखाली घडी घालून घोंगडी घ्यावी. स्टेशनाजवळ स्वस्त खाणावळी पुष्कळ आहेत. खोली बघताना शेगडी आहे का हे आधी विचारावे, नाहीतर रात्रभर कुडकुडणे आले. जेवायला कांद्याचा जाड थर दिलेली एक खरपूस पोळी मिळते, ती आपल्या तोंडाला चालते. जुने गाव नदीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेले आहे. घरे लाकडी चौकटींची, छपरे उतरती, आणि सगळ्यांच्या वर तांबड्या दगडाचे एकाच मनोऱ्याचे चर्च. दुसरा मनोरा बांधायचा राहूनच गेला म्हणतात.

बाजार मात्र डोळे भरून पाहावा असा. फळ्यांच्या दुकानांच्या रांगा, त्यावर विजेच्या दिव्यांच्या माळा, देवदाराच्या फांद्यांचा वास. कुठे मध आणि आले घातलेल्या वड्या, कुठे दालचिनी घालून उकळलेली लाल दारू. एका दुकानात मातीचे मेंढपाळ, मेंढ्या आणि शेवाळ विकायला ठेवले होते. येशूच्या जन्माचा देखावा तिथली मुले घरी मांडतात, आपली मुले दिवाळीत किल्ला करतात तसा. त्या देखाव्यात तीन राजे असतात. दुरून नजराणे घेऊन आलेले, आणि त्यातला एक काळा.

हे मला कळले आणि मी खिशातला फोटो काढून पुन्हा पाहिला. चर्चच्या बाजूला एका फोटोवाल्याचे दुकान होते. मागे वाळवंटाचा रंगवलेला पडदा, लाकडी उंट, आणि बाकावर तीन राजे. मुलांना त्यांच्यात बसवून फोटो काढत होते. तिसरा राजा दत्तू होता. त्याच्या गालांवर काहीतरी काळे फासलेले होते. आपल्याकडे गुन्हेगाराची धिंड काढताना फासतात तसे.

"दादा? तुमी? हितं?" तो उठून उभा राहिला.

"तोंडाला काय लावलंयस हे?"

"जळकं बूच. मालकाला म्या पुरता काळा वाटत न्हाई." तो हसला. "भोरात समदी काळ्या म्हणायची. हितं येऊन गोरा ठरलो बघा."

मंदीत गिरण्या बंद पडल्या होत्या. वडील गेल्यावर फी थकली आणि शाळा सुटली. एरवी तो एका हॉटेलात भांडी घासे, नाताळात राजा होई. फोटोवाला प्रत्येक राजाला एक प्रत फुकट देतो.

"खुशाली कळावी म्हणून आईला धाडला," तो म्हणाला. "तर आईचं पत्र आलं, पेढे वाटले म्हणून. आता त्याच्यावर काय लिवायचं, सांगा."

"बोटीचं भाडं मी भरतो. चल माझ्याबरोबर."

"आन् पाटील विचारतील, कुठल्या दरबारात हुतास? कुठल्या तोंडानं येऊ?"

"आणि ताराचं काय?"

तेवढ्यात मालकाच्या खुणेने तो परत बाकावर बसला आणि एक छोटी मुलगी त्याच्या मांडीवर येऊन बसली. त्याने मुकुट सरळ केला, पेटी पुढे धरली. मॅग्नेशियमचा झगझगाट झाला. मुलगी उतरून गेल्यावर तो हळूच म्हणाला, "तिला मोकळी करा म्हणावं. म्या येत न्हाई."

"लिहून दे तसं."

"आई फाडून टाकंल. तुमी तोंडानं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. मला पाहताच त्याने तोंड पडद्याकडे फिरवले. मालक त्याच्यावर ओरडला, तरी त्याने ते वळवले नाही. माझ्या गाडीची वेळ झाली. दिवे लागले होते, चर्चच्या घंटा वाजत होत्या, आणि एवढ्या गर्दीत माझ्याशी बोलणारे कोणी नव्हते.

भोरला पोचल्यावर काकूंना सगळे सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मुकुट हुता नव्हं डोक्यावर?"

"होता, पण काकू..."

"मग झालं तर." त्या उठून चुलीपाशी गेल्या. गुंजवण्याला निरोप धाडायला त्यांनी साफ नकार दिला.

म्हणून मीच गेलो. नसरापूरपर्यंत मोटार मिळते, मार्गासनीपर्यंत बैलगाडी, पुढे राजगड समोर ठेवून पायी. पाटील खळ्यावर होते. माझे बोलणे संपेपर्यंत त्यांनी पान लावायचे थांबवले नाही.

"जिता हाय नव्हं?" त्यांनी विचारले.

"आहे."

"मग फुटलेली सुपारी मोडत न्हाई. समद्या मावळात म्या सांगितलंय, जावई दरबारी हाय. आज न्हाई तर उद्या यील."

"तो येणार नाही, पाटील. त्यानंच सांगितलंय, तिला मोकळी करा."

"आमच्यात अशी मोकळीक नसती. चहा घ्या."

परतताना खळ्यामागच्याच ओढ्यावर तारा धुणे धूत होती. तिने सगळे ऐकलेले असावे. हातातला पिळा तिने दगडावर ठेवला.

"दादा, तुमाला एक बोलू?"

"बोल की."

"मेला म्हणून सांगायचं हुतं. सुटले असते म्या."

तिने पिळा उचलला आणि पुन्हा आपटायला घेतला. मी वळून पाटलांकडे जावे का, असे मनात आले. पण ज्याला जिवंत म्हणून सांगून आलो, त्याला आता कसा मारणार?

वाचक विचारतात, एवढ्या लांब रोषणाई बघायला जावे का? जरूर जावे. लोकरीचे दोन जोड पायमोजे न्यावेत, आणि बाजार दिवेलागणीनंतरच बघावा, तेव्हा तो खरोखर सुंदर दिसतो. मला मात्र आता ती रोषणाई आठवावीशी वाटत नाही. तारा गुंजवण्यातच आहे. तिला दुसरे स्थळ सांगून येत नाही.