महांतप्पाच्या दोन मुलाखती

जळकोटच्या महांतप्पाला लहानपणापासून एक खोड होती. एखादी गोष्ट माहीत नसली, तर तो सरळ 'माहीत न्हाय' असं सांगायचा. शेतात किंवा देवळात ही खोड खपून गेली असती. पण त्याच्या बापाचं, बसप्पाचं, सडकेवर किराणा आणि जडीबुटीचं दुकान होतं, आणि तिथं ती खपण्यासारखी नव्हती.

बसप्पाकडं प्रत्येक दुखण्यावर औषध होतं. पोट दुखत असलं तर ओवा-सुंठीची भुकटी दुधातून, ताप असला तर तीच भुकटी मधातून, आणि सून नांदत नसली तर तीच भुकटी तिला न सांगता. गिऱ्हाईक समाधानानं जायचं. एकदा बसप्पा लग्नाला गेला आणि महांतप्पा गादीवर बसला. उमरग्याकडची एक बाई पाठीत कळ येते म्हणून आली. महांतप्पानं पाऊण घटका तिची चौकशी केली आणि म्हणाला, "हे कशानं दुखतंय ते मला कळत न्हाय. डॉक्टरला दाखवा." ती बाई पुन्हा त्या दुकानाची पायरी चढली नाही. बसप्पानं पोराला गादीवरून उठवून तराजूपाशी बसवलं. तिथं मात्र त्याचा जीव रमला. गुंजभर हिंग कमी-जास्त झाला तरी तो पुडी सोडून पुन्हा बांधायचा. मागं खोळंबलेली माणसं त्याला शिव्या द्यायची.

सन चव्वेचाळीसमध्ये, निजामाचं राज्य असताना, जिल्ह्याच्या गावी कंपौंडरीचा एक वर्ग निघाला. वर्षभर शिकायचं, मग सरकारी दवाखान्यात औषधं मिसळून द्यायची. महांतप्पा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. घरात कानडी, बाहेर मराठी आणि शाळेत उर्दू अशा तीन भाषा त्याला येत होत्या. नळदुर्गाला सातवी पास झाल्याचा दाखला होता. अर्ज गेला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीत काय विचारतात हे गावात एकालाच माहीत होतं. ते म्हणजे दादामियाँ. ते जिल्ह्याच्या एका कचेरीत तीस वर्षं चपराशी होते. एवढी वर्षं साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्यांनी शेकडो मुलाखती ऐकल्या होत्या. आत बसलेल्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं त्यांचं मत होतं, आणि ते बहुधा खरं असावं.

दादामियाँनी महांतप्पाला चार दिवस शिकवलं. स्वतः बाजेवर साहेब होऊन बसायचे आणि त्याला अंगणात उभं करायचे.

"सुन बाबा. आत गेलास की आदाब करायचा. बस म्हणले तरी पहिल्यांदा बसायचं न्हाय. दुसऱ्यांदा म्हणले तर बसायचं, पण खुर्चीच्या कडंला. पुरा बसलास तर साहेबाला वाटतं, हा घर करायला आला."

"व्हय, चाचा. आन् औषधाचं काय विचारतील?"

"औषधाचं कशाला विचारतील? शिकायला चाललास ना? शिकून आला असतास तर विचारलं असतं. ते बापाचं नाव विचारतील, सिफारस कुणाची ते विचारतील."

"माझी सिफारस न्हाय कुणाची."

"मग खोकायचं. खोकता खोकता एखादं मोठं नाव घ्यायचं. निम्मं ऐकू आलं पायजे, निम्मं न्हाय." दादामियाँ बाजेवर पुढं सरकले. "आन् सगळ्यात मोठी बात. मालूम न्हाय म्हणायचं न्हाय. कायबी विचारू दे. साहेबाला उत्तर खरं लागत न्हाय, जल्दी लागतं."

महांतप्पानं मान डोलावली. सगळं पाठ केलं. शेवटचं तेवढं त्याच्या डोक्यात राहिलं नाही.

मुलाखतीला एकतीस जण आले होते आणि घ्यायचे होते सहा. व्हरांड्यात बहुतेक सगळे नव्या शेरवान्या घालून घामाघूम बसलेले. महांतप्पाच्या शेजारी गफार नावाचा नळदुर्गचा एक तरुण होता. तो तिथल्या दवाखान्यात पाच वर्षं मलमपट्टी करत होता. त्याच्या बोटांना आयोडीनचे डाग होते, आणि अंगातली शेरवानी भावाची असल्यानं बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. दोघांची सिफारस नव्हती, म्हणून दोघांचं लगेच जमलं.

आत तिघं बसले होते. एक मोठे डॉक्टरसाहेब. दुसरे महसुलातले अंमलदार. तिसरे एक जहागीरदार, ज्यांचा औषधांशी संबंध एवढाच की ते ती रोज घेत. बोलणं सगळं उर्दूत चाललं, मी ते आपल्या बोलीत सांगतो.

डॉक्टरसाहेबांनी त्या दिवशी एक युक्ती काढली होती. टेबलावरची एक चिठ्ठी उचलून ते उमेदवाराच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वाच. कोणतं औषध लिहिलंय?" साहेबांचं उर्दू अक्षर असं घसरतं होतं, की कागदावरून मुंग्यांची रांग गेली आहे असं वाटावं. पहिला उमेदवार खोकला आणि 'कुनैन', म्हणजे हिवतापाचं क्विनीन, असं म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. त्यानं बाहेर येऊन ते सांगितलं, आणि मग एकामागून एक जो आत गेला तो ती चिठ्ठी दुरून बघूनच 'कुनैन, हुजूर' म्हणत आला. एकानं तर किती थेंब तेसुद्धा वाचून दाखवलं.

महांतप्पाची पाळी आली. आदाब झाला, दुसऱ्यांदा सांगितल्यावर बसणं झालं.

"घोड्यावर बसता येतं?" जहागीरदारांनी विचारलं.

"न्हाय, हुजूर."

"मग दवाखान्यात काय करशील?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. महांतप्पानं ती जवळून बघितली, लांबून बघितली, खिडकीच्या उजेडात धरली. बाहेर ऐकलेला 'कुनैन' त्याला त्यात कुठंच सापडेना.

"हुजूर, यात 'तीन' तेवढं वाचता येतंय. बाकीचं मला वाचता येत न्हाय."

अंमलदार दचकले. सकाळपासून त्या खोलीत असं कुणी बोललं नव्हतं.

"मग पेशंटला काय देशील?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच न्हाय. त्याला बसवंन आन् तुम्हाला विचारायला येईन."

"मी जेवत असलो तर?"

"उंबऱ्यात उभं राहीन."

"मी रागावलो तर?"

"तुम्ही रागवालच, हुजूर. पण पेशंट मरायचा न्हाय."

डॉक्टरांनी चिठ्ठी हिसकावून घेतली. चष्मा लावून बघितली, चष्मा काढून बघितली आणि अंमलदारांपुढं सरकवली. अंमलदार अदबीनं म्हणाले, "अक्षर आपलंच आहे, साहेब." डॉक्टर म्हणाले, "ते मलाही माहीत आहे." मग महांतप्पाकडं न बघता त्यांनी हातानंच दार दाखवलं.

त्याच्या कागदावर शेरा पडला: 'उद्धट. वाचता येत नाही.' ज्या सहा जणांना घेतलं, त्या सगळ्यांना ती चिठ्ठी वाचता आली होती आणि सगळ्यांचे मामा किंवा सासरे कुठं ना कुठं हुद्द्यावर होते. गफारनंही 'कुनैन'च सांगितलं होतं, पण त्याला मामाच नव्हता. ती चिठ्ठी डॉक्टरांनी आपल्या शिंप्याला लिहिली होती, तीन वार अस्तर आणायला. ती त्याला पोचलीच नव्हती, आणि आठ दिवसांनी शिंपी अस्तराचं काय करायचं म्हणून विचारायला आला तेव्हा ते उघड झालं. दादामियाँच्या जागी लागलेल्या चपराश्यानं ते दादामियाँना सांगितलं आणि दादामियाँनी गावाला. पण शेरा काही बदलला नाही. सरकारी कागदावर एकदा शाई वाळली की ती वाळली.

महांतप्पा पुन्हा तराजूपाशी बसला. त्याची बायको जगदेवी त्याला म्हणाली, "खरं बोललात त्याचं मला काय न्हाय. पण विचारलं त्याच्यापेक्षा जास्त बोलायची काय गरज होती? मरायचा न्हाय म्हणं." महांतप्पाला ते पटलं. पण पटणं आणि जमणं या त्याच्यापुरत्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे चार वर्षांनी दिसलं.

अठ्ठेचाळीसच्या सुरुवातीला गावात हगवणीची साथ आली. विहिरीत टाकायची लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, निजामाच्या हद्दीत मिळेना, म्हणून महांतप्पा सोलापूरला गेला आणि जांभळ्या खड्यांची पुडी घेऊन परत निघाला. ते दिवस वाईट होते. हद्दीवरच्या नाक्यावर साखरेची पुडीसुद्धा सोडून बघायचे. शिपायानं खडे बघितले, त्यावर थुंकला, आणि थुंकी जांभळी झाल्यावर घाबरला.

"हे काय आहे?"

"विहिरीत टाकायची दवा."

"अजून कशाला लागते?"

इथं कुणीही 'अजून कशालाच न्हाय' म्हणालं असतं. महांतप्पानं आठवून बघितलं. सोलापूरच्या दुकानदारानं पुडी बांधताना त्याला एक ताकीद दिली होती. ती त्यानं इमानदारीनं सांगून टाकली, "दुसरी एक चीज मिसळली तर पेट घेते म्हणं. म्हणून म्या वेगळी बांधून आणली."

बॉम्बचं सामान आणलं म्हणून त्याला सात महिने तुरुंगात ठेवलं. तिथं तिरंगी झेंड्यासाठी आलेली, लाठ्या खाल्लेली खरी माणसं होती. ती त्याला विचारायची, "तुमचा गट कुठला?" तो म्हणायचा, "म्या किराणावाला." ती मनात म्हणायची, केवढा पक्का माणूस आहे.

सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं आणि तुरुंगाची दारं उघडली. जळकोटच्या वेशीत महांतप्पाला हार घातले. बसप्पानं तर बॉम्बची गोष्ट पंचक्रोशीत पसरवली. पोराचा दुकानाला झालेला हा पहिलाच उपयोग होता. महांतप्पा ज्याला त्याला सांगत सुटला की आपण विहिरीच्या दवेपायी आत गेलो. लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "आता कशाला भ्यायचं? राज्य आपलं हाय."

एकोणपन्नासला कंपौंडरीचा वर्ग नव्यानं सुरू झाला. महांतप्पानं पुन्हा अर्ज केला. खोली तीच, खुर्च्या त्याच. भिंतीवरची तसबीर बदलली होती आणि तिच्याभोवती जुन्या, मोठ्या तसबिरीचा चौकोनी डाग दिसत होता. डॉक्टर नवे होते. जहागीरदारांच्या खुर्चीत खादीची टोपी घातलेले एक पुढारी होते. आणि मधल्या खुर्चीत तेच अंमलदार, आता धोतरात. बाहेर व्हरांड्यात गफारही होता, त्याच भावाच्या शेरवानीत. त्याला धोतर घ्यायचं कुणी सुचवलं नव्हतं.

"तुरुंगात किती दिवस होता?" पुढाऱ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"सात महिने. पण ते चुकून झालं. माझ्याकडं विहिरीची दवा होती."

पुढाऱ्यांनी अंमलदारांकडं बघून डोळा बारीक केला. "विहिरीची दवा."

"व्हय. पाणी साफ करायची."

"बघा," पुढारी म्हणाले, "नाहीतर सकाळपासून जो तो स्वतःची टिमकी वाजवतोय. असली माणसं कधी बोलत नाहीत."

"म्या खरंच कायबी केलं न्हाय, साहेब."

"आणि बोललीच तर असं बोलतात," पुढारी म्हणाले. अंमलदारांनी शेरा लिहायला घेतला. त्यांनी महांतप्पाला ओळखलं होतं की नाही कोण जाणे, पण त्या दिवशी त्यांना कुणालाच ओळखायचं नव्हतं.

महांतप्पानं डॉक्टरांना विचारलं, "मला औषधाचं कायतरी विचारा की. एखादी चिठ्ठी द्या."

"त्याची गरज नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर गफार आत गेला. दार उघडंच होतं, त्यामुळं बाहेर सगळं ऐकू आलं.

"गेल्या वर्षी कुठं होतास?" पुढाऱ्यांनी विचारलं.

"दवाखान्यात, साहेब. मलमपट्टी करत होतो."

"कुणाची?"

"जो येईल त्याची."

"म्हणजे दोन्ही बाजूंची? निजामाच्या माणसांचीसुद्धा?"

"जखमेला बाजू नसती, साहेब."

आत टेबलावरचा कागद बाजूला सरकला. मग अंमलदारांचा आवाज आला, "पुढचा."

महांतप्पा उठून सरळ आत गेला. त्यानं सांगितलं की या माणसाला नऊ-दहा वर्षांचा सराव आहे, मला काहीच येत नाही, घ्यायचं तर याला घ्या. पुढाऱ्यांचे डोळे पाणावले. "असा त्याग," ते म्हणाले, आणि महांतप्पाचं नाव यादीत पहिलं आलं. गफारचं आलंच नाही.

वर्ग सुरू झाल्यावर महिन्याभरात सगळ्यांना कळलं, की यादीतल्या पहिल्याला औषध गुंजेपर्यंत बरोबर मोजता येतं, पण पट्टी बांधता येत नाही. त्यानं कोपराला बांधलेली पट्टी मनगटावर यायची. मास्तरांनी दोनदा सांभाळून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाले, "तुम्ही बॉम्ब कसे बांधत होता हो?"

रविवारी महांतप्पा मोटारीनं नळदुर्गाला गेला. गफार दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर पट्ट्या उकळत होता. महांतप्पा दारात उभा राहिला. कुठून सुरुवात करावी हे त्याला कळेना, आणि त्यानं तसं सांगितलं.

"गफारभाई, काय बोलावं मला कळत न्हाय. तुमची जागा माझ्याकडं आली. आन् मला पट्टीबी बांधता येत न्हाय."

गफारनं चिमट्यानं एक पट्टी बाहेर काढून पिळली आणि दोरीवर टाकली. मग दुसरी काढली, तिसरी काढली. त्याला राग आला होता, आणि येणारच होता.

"कुठली पट्टी येत न्हाय?" अखेर त्यानं विचारलं.

"कोपराची."

"त्यांना कुणाला येती का? ज्यांनी तुमाला घेतलं त्यांना?"

"न्हाय."

"मग लई चांगले साहेब हायती." त्यानं ओट्यावर जागा केली. "बसा. अर्धवट नका बसू, नीट बसा."

महांतप्पा बसला. गफारनं कोरडी पट्टी घेतली, त्याचा हात गुडघ्यावर धरला आणि कोपर वाकवलं.

"भाई, म्या त्यांना सांगितलं होतं की..."

"ऐकलं म्या भायेर. आता गप बसा आन् बघा," गफार म्हणाला. "पहिला वेढा खाली. दुसरा वर. घट्ट झाली तर सांगा."

"झाली."

गफारनं पट्टी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.