साडूंचा पंचवार्षिक आराखडा

उद्या प्रलय आलाच तर आधी कोणत्या खिडकीतून बघायचं, हेसुद्धा ठरवून ठेवलेला माणूस उभ्या पालघर जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके माझे साडू निघावेत, हे माझं नशीब! तारापूरच्या एका कारखान्यात नियोजन खात्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, नियोजन काही सुटलं नाही. मासळी आणायला निघाले तरी खिशात चिठ्ठी: बोंबील नसले तर मांदेली, मांदेली नसली तर सुकट, काहीच नसलं तर वरणभात, तोही ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, आधी कळवून. एकदा पाटीसमोर उभं राहून त्यांनी पर्यायांची इतकी तुलना केली की शिरगावची मासळीवाली पाटी उचलून म्हणाली, "भाऊ, तुमी आरामात इचार करा. मी उद्या येते."

अशा माणसाला आम्ही सालवडच्या पाळणाघराचा सचिव केलं. कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायांची वीसेक पोरं तिथं दिवसभर असत. संस्था ती केवढी! पोरं सांभाळणाऱ्या एक मावशी, एक खोली आणि आम्ही पाच सभासद, त्यातले तिघे निव्वळ चहापुरते. मी त्या तिघांतला. तेवढ्यात खोलीच्या मालकाचा निरोप आला, महिनाअखेर जागा रिकामी करा. दुसरा कुणी असता तर पायात चपला घालून जागा शोधायला निघाला असता. साडूंनी बैठक बोलावली.

"काळ अनिश्चित आहे. आधी संस्थेची दूरदृष्टी ठरवायची," ते म्हणाले. ती ठरवण्यात दोन आठवडे गेले. मग भिंतीवर धोक्यांची यादी लागली: मंदी, महापूर, साथ, जागेची टंचाई, भूकंप. मावशी दारात येऊन रोज विचारायच्या, "भाऊ, एक तारखेला पोरं कुठं ठेवू, तेवढं सांगा."

"तोच तर आपला धोका क्रमांक चार!" साडू खूश होऊन म्हणायचे.

"अहो, पण खोलीचं काय?" मी न राहवून म्हटलं.

"तुम्ही फार जवळचं बघता."

मला हसू यायचं, आणि संतापही यायचा. पाळणाघर बंद पडलं तर त्या बाया नोकरी सोडून घरी बसणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

अखेर आराखडा छापून आला. त्याचं एक पान हिंदीत करून बायांनाही वाटलं. त्यात 'संकटकाळी पर्यायी जागा' असा एक रकाना होता. जागा कुठे मिळाली होती? पण रकाना कोरा ठेवायचा म्हणजे साडूंच्या अंगावर काटा येतो. तात्पुरता म्हणून त्यांनी तिथं स्वतःच्या बोईसरच्या घराचा पत्ता टाकला आणि विसरून गेले.

बाया विसरल्या नाहीत. एक तारखेला, पहिल्या पाळीच्या आधी, दारात ही रांग! साडूंनी बनियनवरच दार उघडलं. "साहब, कागज में यही लिखा है ना?" म्हणत एकीनं कडेवरचं पोर त्यांच्या हातात दिलं आणि ती कामावर पळाली. मागून मावशी चटया घेऊन हजर. "बरं झालं भाऊ, तुमी आधीच ठरवून ठेवलेलं. मी उगा जिवाला घोर लावून घेतला." साडूंना जन्मात पहिल्यांदा नियोजनाबद्दल शाबासकी मिळाली, ती या न आखलेल्या गोष्टीबद्दल. ती नाकारायची काही त्यांची छाती झाली नाही.

"व्यवस्था हंगामी आहे," असं ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. आता वर्ष होत आलं. मी एक चांगली खोली सुचवली, तर तिला जिना आहे म्हणे. दुसरी सुचवली, तिला जिना नव्हता, तर ऊन येत नाही म्हणे. मी सुचवायचं सोडून दिलं.

साडूंना मूलबाळ नाही. ताईंनी एके काळी फार देवळं केली, फार दवाखाने केले, मग थांबल्या. आमच्यात तो विषय कुणी काढत नाही.

परवा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. शेवटचं पोर आईच्या खांद्यावर झोपून गेलं. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी साडू दारातच उभे.

"मग, उद्याचा काय बेत?" मी सहज विचारलं.

"उद्या सुट्टी ना," ते म्हणाले. "उद्या काहीच नाही हो."