पोटाला करंट, मशीनला हळदकुंकू

माझ्या पोटाचा आजार असा, की आत गेलेलं पुढे सरकतच नाही. सकाळची अर्धी पोळी संध्याकाळपर्यंत तिथेच ठाण मांडून बसते. किस्स्यांचंही तसंच झालंय. त्या हॉस्पिटलातल्या गुरुवारांचे किस्से इतके साठलेत, की कोणी नुसतं "काकू, कशा आहात?" विचारलं तरी एखादा वर येतोच. आता बसलाच आहात तर ऐका. घाईत असाल तर आधीच उठा, मध्येच उठलेलं मला चालत नाही.

* * *

शिकागोला मुलाकडे आले तेव्हा मला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. शाळा चौथीत सुटलेली. नात रिया तेव्हा पहिलीत होती. लायब्ररीतून तिची पुस्तकं यायची, ती झोपली की मी वाचायची. ती दुसरीत गेली, मीही गेले. पुढे ती टीव्हीकडे वळली आणि मी वर्तमानपत्राकडे. त्यामुळे डॉक्टर माझ्या सुनेकडे बघून माझ्याबद्दल बोलायला लागले, की मी मध्ये पडते.

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी तेच केलं. मेधाकडे बघत म्हणाल्या, "यांचं पोट आळशी झालंय."

"डॉक्टर, मला भांडखोर म्हणा, हट्टी म्हणा," मी म्हटलं, "पण आळशी हा शब्द या शरीराला लागू नाही."

"आई, त्या पोटाबद्दल बोलतायत," मेधा पुटपुटली.

"पोट कोणाचं आहे?"

बाई हसल्या आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. इतक्या वर्षांच्या डायबिटीसने पोटाला चालवणारी नस बिघडली होती. म्हणजे पोट बिचारं कामावर हजर, वरून हुकूमच पोचत नव्हता. "हं, असं सांगा की," मी म्हटलं.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. माझं वजन उतरत चाललं होतं. आणखी उतरलं असतं तर पोटाला भोक पाडून नळी बसवायची आणि तिच्यातून पातळ अन्न सोडायचं. सध्या एक स्टडी चालू होता. त्यात कापाकापी नाही, टाके नाहीत. मनगटावर आणि गुडघ्याखाली चिकट चकत्या लावायच्या, छोट्या मशीनमधून हलका करंट द्यायचा, म्हणजे तो मज्जातंतूंना जागं करतो. उपयोग होईलच असं नाही, म्हणाल्या.

नळी हा शब्द ऐकल्यावरच मी सहीसाठी पेन मागितलं होतं.

* * *

पोट किती हळू रिकामं होतं हे बघायला एक टेस्ट असते. अन्नात किंचित रेडिओॲक्टिव्ह काहीतरी घालून खायला देतात आणि मग तासातासाने कॅमेऱ्यापुढे उभं करून पोटाचा फोटो काढतात. अन्न म्हणजे अंड्याचं सँडविच. मी अंडं खात नाही म्हटल्यावर ओटमील आलं.

ते आणलं मृणालने. ही नागपूरची पोरगी, याच स्टडीवर पीएचडी करत होती. मी पर्समधून छोटी डबी काढली.

"मावशी, हे काय?"

"फोडणी. घरूनच करून आणलीय."

"मावशी, नाही चालत हो. सगळ्यांना सारखंच द्यावं लागतं, नाहीतर तुलना कशी करणार?"

"मग सगळ्यांना घाल. पुरेशी आहे."

नाहीच घालू दिली. ती लापशी मी औषध म्हणून गिळली. पहिला फोटो झाला. पुढच्या फोटोपर्यंत खुर्चीत बसून राहा, असं सांगून मृणाल फोन घ्यायला गेली.

आता जेवल्यावर खुर्चीत बसून राहायचं, हे मला आजवर कोणी शिकवलेलं नाही. मी शतपावलीला निघाले. शेजारच्या खुर्चीत एक उंचापुरा काळा म्हातारा आपल्या फोटोची वाट बघत बसला होता. त्यालाही म्हटलं, "अहो, जेवून असं बसतात का? उठा." तो मुकाट्याने उठला.

हाच हॅरल्ड. डेव्हन ॲव्हेन्यूवरून जन्मभर सिटी बस चालवून रिटायर झालेला. वय माझ्याएवढं, साखर माझ्यासारखी, पोटही तसंच.

मृणाल परत आली तर दोन्ही खुर्च्या रिकाम्या. कॉरिडॉरमध्ये आम्ही येरझाऱ्या घालत होतो. आमच्यामागे आणखी एक गृहस्थ चालत होते, त्यांचा स्टडीशी काहीच संबंध नव्हता.

"मावशी!" तिने कपाळाला हात लावला. "चाललं की पोट लवकर रिकामं होतं. टेस्ट गेली ना वाया!"

"म्हणजे शतपावलीने गुण येतो," मी म्हटलं. "मग या मशीनवर कशाला पीएचडी करतेस?"

टेस्ट पुन्हा झाली. त्या दिवशी मृणाल दारात खुर्ची टाकून बसली होती.

* * *

मशिनं मिळाली. दिसायला अगदी सारखी. माझ्यावर निळी पट्टी, हॅरल्डच्यावर हिरवी. रोज घरी लावायचं आणि गुरुवारी येऊन वजन आणि मशीन दाखवायचं.

त्या दिवशी मला कळलं, की सगळ्या मशीनमधून खरा करंट येत नाही. काहींमधून नुसत्या मुंग्या येतात, पोटाला त्याचा उपयोग शून्य. कोणाला खरं आणि कोणाला खोटं, हे पेशंटला सांगत नाहीत. मृणाललासुद्धा ठाऊक नव्हतं.

"म्हणजे एका पंगतीत बसवायचं, एकाला वाढायचं आणि शेजारच्याला रिकामी वाटी दाखवायची?"

"मावशी, सायन्समध्ये असंच करतात."

"आमच्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. आणि करणाऱ्याला पाप लागतं."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय म्हणतायत? मृणालने बिचारीने भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "त्यांना सांग, मलाही ते आवडत नाही. पण असं केल्याशिवाय कळणार कसं, की गुण मशीनने आला की मनाने?"

उत्तर चांगलं होतं. मला पटलं नाही, पण चांगलं होतं.

* * *

आपल्या मंडळींत पोटाचा आजार झालेल्याने जगणं कठीण. मधुमेह म्हटलं तर लोक गोड कमी वाढतात. पण "पोट हळू चालतं" म्हटलं की प्रत्येक घरात त्यावर एक पदार्थ असतो.

मेधाच्या मैत्रिणीकडे एकदा जेवायला गेलो. यजमानीण बासुंदीची वाटी घेऊन माझ्यापुढे उभी. "काकू, एवढीशी. माझ्यासाठी." मी नाही म्हटलं. "बरं, मग काकांच्या नावाने एक चमचा." आमच्या ह्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांना बासुंदी आवडायची नाही.

मी पदर बाजूला करून मनगटावरच्या चकत्या आणि वायरी दाखवल्या. "हे बघ, हॉस्पिटलने बसवलंय. आग्रह करणाऱ्याने हात लावला की त्याला करंट बसतो."

वाटी टेबलावर ठेवून बाई आत गेल्या. त्यानंतर माझ्या ताटाजवळ कोणी फिरकलं नाही. इतकं शांतपणे मी अमेरिकेत कधी जेवले नव्हते. परतताना गाडीत मेधा म्हणाली, "आई, मलाही एक मिळेल का हो असं मशीन?"

* * *

डेव्हनला भाजी आणायला बसने जायची. बरोबर हॅरल्ड असला तर तो ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून प्रत्येक वळणावर त्याच्या चुका काढायचा. एकदा समोरच्या कॉलेजातल्या मुलाने माझी वायर बघून विचारलं, "काय ऐकताय?"

मी काही बोलायच्या आत हॅरल्ड म्हणाला, "ती ऐकत नाहीये. तिचं पोट ऐकतंय. आणि ते कोणाचंच ऐकत नसे, म्हणून ही सोय."

* * *

थोड्या आठवड्यांत मला मऊ भात पचायला लागला. मग भाताबरोबर वरण. एका सकाळी उठल्या उठल्या भूक लागली, आणि ही काय भावना आहे हे आठवायला मला जरा वेळ लागला. वजन उतरायचं थांबलं.

हॅरल्डचं थांबलं नाही. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. एका गुरुवारी तो वजन करून बाहेर आला आणि कॅफेटेरियात माझ्यासमोर बसून कागदी कपाशी चाळा करत राहिला.

"पुढच्या गुरुवारी वजन आणखी उतरलेलं असलं तर सोमवारी नळी," तो म्हणाला. "थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे माझ्याकडे जेवायला येतात, इंदू. टर्की मी कापतो. बायको गेल्यावरसुद्धा मीच कापली. आता नळी लावून लोकांना वाढू?"

मी माझं निळ्या पट्टीचं मशीन टेबलावर ठेवलं आणि त्याचं हिरवं उचललं.

"हे नियमात बसत नाही," तो म्हणाला. जन्मात एकदाही सिग्नल न तोडलेला माणूस.

"एका पंगतीतलं वाटून खायला नियम लागत नाही."

"आणि तुझं काय होईल?"

"मी पेजेवर वाढलेली आहे. तू माझी काळजी करू नकोस. गुरुवारी वजनाच्या आधी इथेच ये. तुझं तू घे, माझं मी घेते. बाईंना पट्टीचा रंग तेवढा बरोबर दिसला पाहिजे."

त्याने ते निळं मशीन दोन्ही हातांनी उचललं, भरलेली वाटी उचलावी तसं.

* * *

दसरा नेमका बुधवारी आला. दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. मिक्सर, गाडी, रियाचा लॅपटॉप, सगळं पाटावर मांडायचं, गाडीला अंगणात नमस्कार. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू. मग ज्याच्यावर माझं खरोखरचं पोट चालत होतं त्याला कसं वगळणार? हिरव्या पट्टीच्या मशीनलाही बोटं लावली आणि झेंडूचं फूल वाहिलं.

गुरुवारी कॅफेटेरियात हॅरल्डने ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "हे लाल-पिवळं काय?"

मी घाईघाईने सांगितलं. पुसायला गेले, पण हळद कधी पुसली गेलीय? बटणांच्या खाचेत बसली होती.

"म्हणजे काल मशिनांचा वाढदिवस होता," हॅरल्ड म्हणाला.

"तसंच समज. चल, उशीर झाला."

आधी वजन. मृणालने हॅरल्डला काट्यावर उभं केलं. काटा थांबेपर्यंत मी श्वास घेतला नाही. त्यानेही घेतला नसावा. मृणालने वाचलं, पुन्हा वाचलं आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली. वजन वाढलं होतं. फार नाही, पण वाढलं होतं. मग मी उभी राहिले. माझं जिथल्या तिथे.

"सोमवार कॅन्सल," बाई म्हणाल्या. हॅरल्ड काट्याजवळच्या स्टुलावर मटकन बसला आणि चष्मा पुसायला लागला.

"मशिनं बघू," बाई म्हणाल्या.

हॅरल्डने हिरवं पुढे केलं. मृणालने ते घेतलं आणि तिचा हात तसाच राहिला. नागपूरची पोरगी ती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हळदकुंकू ओळखणार नाही? तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"हॅरल्ड, याला हे काय लागलंय?" बाईंनी विचारलं.

"काल त्याचा वाढदिवस होता, मॅम."

बाईंनी माझं निळं मशीन हातात घेतलं. स्वच्छ, कोरं. त्यांनी ते हिरव्याशेजारी ठेवलं आणि माझ्या कपाळाकडे बघितलं. मग मृणालच्या. तिनेही सकाळी कुंकू लावलं होतं.

"किती दिवस?" त्यांनी मला विचारलं.

"एक आठवडा. दोष माझा आहे, त्याला काही बोलू नका. शेजारी उपाशी असताना मला गिळवत नाही."

"तुम्ही दोघंही स्टडीतून बाहेर," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मृणालची मान खाली गेली होती. माझी गेली नाही, पण वाईट वाटलं.

"बाहेर तर बाहेर," मी म्हटलं. "मग आता सांगायला हरकत नाही. खरं कोणतं?"

त्या कॉम्प्युटरपाशी गेल्या. कुठे कुठे फोन केला, काही टाइप केलं, पडद्याकडे बघत राहिल्या. मग हॅरल्डकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत पडद्याकडे. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत.

डोळे पुसून त्यांनी पडदा बंद केला आणि मृणालला म्हणाल्या, "दोन्हीतून नुसत्या मुंग्याच. दोघांना दोन्ही मशिनं परत दे. घरी नेऊ देत. आणि ते पिवळं मात्र पुसू नकोस."