हवालदाराचं पोलंडचं जाज

आमच्याकडं जहाजाला जाज म्हणतात. ‘ह’ उगीच तोंडात खर्चायची आम्हाला सवय नाही. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यानंच केलाय.

तासगावजवळच्या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आणि जोतीराम हवालदाराचं घर, यांत एकच भिंत. जोतीराम लष्करात बिनतारीवर होता. व्हिएतनामात भांडणाऱ्यांवर नजर ठेवायला भारत, कॅनडा आणि पोलंड अशा तीन देशांची माणसं नेमली होती, त्यांत ह्याची वर्णी लागली. माणसं परदेशातनं रेडिओ आणतात, घड्याळ आणतात, गेलाबाजार बायकोला नायलॉनचं पातळ तरी. ह्यानं काय आणलं? पोलंडच्या एका कप्तानाचं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणि खोकाभर रेकॉर्डी. कप्तानाचं यंत्र बंद पडलं की हाच दुरुस्त करायचा, म्हणून जाताना तो सगळं ह्यालाच देऊन गेला. त्या संगीताचं नाव जाझ. आमच्या तोंडात त्याचंही जाजच झालं.

एकाहत्तरला गडी पेन्शनीत आला आणि आमच्या गल्लीचं सुख गेलं. रोज संध्याकाळी रेकॉर्ड धोतराच्या सोग्यानं पुसायची, तिला फुंकर घालायची आणि हळूच सुई ठेवायची. देवपूजेला एवढा वेळ दिला असता तर देव पावला असता. जोतीरामाला जन्मात एकच हवं होतं. कुणीतरी शेजारी बसून एक रेकॉर्ड, दोन्ही बाजूंनी, मध्ये न उठता ऐकावी.

एकदा मी बसलो. शेजारधर्म म्हणून.

“ऐक गड्या,” तो म्हणाला, “ह्यो पिपाणीवाला आत्ता घरातनं भाईर पडला. आता रानोमाळ हिंडंल, वाट चुकंल. तुला वाटंल, गेला ह्यो. पर शेवटाला बघ, आपल्याच उंबऱ्यात येऊन हुबा ऱ्हातोय.”

“यायचंच हुतं तर गेला कशाला?” मी म्हणालो आणि उठलो. पुढं महिनाभर त्याचं दळण दुसऱ्या गिरणीत जात होतं.

त्याची बायको सुलाबाई म्हणायची, “त्या पिपाणीवाल्यास्नी सूर सापडंना, आन् ह्येंस्नी ऐकणारा सापडंना.” त्यांची लेक राही मात्र भाकरी थापताना काहीतरी गुणगुणत असायची. पण ती घरातली पोर. तिला ऐकणाऱ्यांत कोण धरतंय?

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि राहीला स्थळं बघायला सुरुवात झाली. लोक चौकशी करायचे, हवालदाराकडं आहे काय? गावातली माणसं खरं तेच सांगायची, “पोलंडचं जाज हाय.” ही बातमी इस्लामपुराकडं पोचेपर्यंत जाज समुद्रात तरंगायला लागलं होतं.

तिकडचे लालासाहेब, एका साखर कारखान्याचे डायरेक्टर, पोरगा मानसिंग आणि भावकीतली माणसं घेऊन राहीला बघायला आले. पोरगी पसंत पडण्यासारखीच होती. पोहे झाले, चहा झाला. मग लालासाहेबांनी मिशीवरनं हात फिरवला.

“हवालदार, तुमच्या पोलंडच्या जाजाबद्दल लय ऐकून हाय. आमालाबी कळू द्या की काय ते.”

जोतीरामाचा चेहरा असा उजळला की मलाच वाईट वाटलं. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली, तो माणूस आपल्या पायांनी दारात आला होता. त्यानं यंत्र काढलं, रेकॉर्ड पुसली, सुई ठेवली. पाहुण्यांना वाटलं, लष्करातला माणूस, काही सांगायच्या आधी बँड लावायची रीत असेल. सगळे मांडी घालून बसले. पिपाणीनं लांब सूर काढला तेव्हा भावकीतला एक म्हातारा माझ्या कानाशी लागला.

“ह्यो भोंगा व्हय जाजाचा?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पण आता बोलून कुणाचं भलं होणार होतं? एक बाजू झाली, दुसरी झाली. सुई उचलली तसे लालासाहेब पुढं सरकले.

“आन् जाज आसतंय कुठल्या बंदराला?”

“बंदराला?” जोतीराम म्हणाला. “आवं, हेच की जाझ. आत्ता वाजलं ते.”

दाराआड सुलाबाईनं पदर तोंडात धरला. लग्न मोडलं, असंच तिला वाटलं. पण दारात सगळं गाव जमलेलं. डायरेक्टर माणूस जहाजाच्या आशेनं आला होता, हे चारचौघांत कबूल करायचं कसं? लालासाहेबांनी परत मिशीवरनं हात फिरवला.

“व्हय तर. तेच म्हणतोय मी. लय झ्याक वाजवत्यात.” आणि जहाज हातचं गेलं तरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून वर म्हणाले, “पोरीसंगं ते यंत्र तेवढं द्या. आमालाबी नाद हाय.”

जोतीरामानं दिलं. लेकीपुढं यंत्र काय, असं तो म्हणाला. रेकॉर्डी मात्र दिल्या नाहीत.

लग्न झालं आणि हा दर महिन्याला एक रेकॉर्ड काखेत मारून, सांगलीला यष्टी बदलून लेकीच्या गावी जायला लागला. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. तिकडं लालासाहेबांची दैना. व्याह्याला एकटं टाकून उठता येत नाही, आणि नाद आहे म्हणून यंत्र मागितलेलं त्यांनीच. आपलेच दात, आपलेच ओठ. दोन्ही बाजू संपेपर्यंत बसायचे बिचारे.

मे महिन्यात यष्टीला गर्दी होती. रेकॉर्ड चेंगरू नये म्हणून शहाण्यानं ती ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवली. सांगलीत उतरून बघतो तर पापडासारखी वाकलेली. हा तिथनंच परत फिरला. राही आमरस काढून दिवे लागेपर्यंत दाराशी बसली होती. दुसऱ्या दिवशी मानसिंग विचारायला आला, मामा आजारी हाईत काय.

मला संताप आला. “लेकीकडं निघाला हुतास का रेकार्डीकडं रं?” मी म्हणालो. गिरणीला कुलूप घातलं आणि जोतीरामाला घेऊन मीच इस्लामपूरची वाट धरली.

राहीनं पाणी दिलं, पण बापाकडं बघितलं नाही.

“आज काय आणलं न्हाई?”

“वाकली गं ती,” जोतीराम खाली मान घालून म्हणाला. “लय चांगली हुती. आता कवा ऐकायला मिळायची न्हाई.”

“रेकार्ड वाकली. तुमी न्हवता वाकला, आबा. यायचं हुतं.”

एवढं बोलून ती आत गेली. जरा वेळानं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला आणि त्यावर तिचं गुणगुणणं. जोतीरामाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तीच रेकॉर्ड होती. पिपाणीवाला घरातनं निघाला, रानात शिरला, वाट चुकला. लालासाहेब उठायला लागले होते, ते परत टेकले. मीसुद्धा हललो नाही. तो हिंडून हिंडून शेवटी आपल्याच उंबऱ्यात आला, तेव्हा माझा जोतीराम टोपीनं डोळे पुसत होता.

“कवा ऐकलंस गं तू हे?”

“तुमी लावायचा तवा,” राही आतनं म्हणाली. “मी घरातच हुते की.”

मग तिनं ताटं केली आणि आम्ही जेवायला बसलो.