बेल्टच्या तीन खुर्च्या

"तिचं काय, ती कुठेही मावते."

दादा हे गाड्यांच्या दलालाला सांगत होता. ते दोघं व्हॅनच्या बाहेर उभे होते आणि मी आत, मागच्या बाकाच्या कोपऱ्यात बसले होते. काच अर्धी उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मला ऐकू येतंय हे दादाला माहीत असणार. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नसावं, इतकंच.

माझ्या शेजारी मुलांची एक खुर्ची होती आणि समोरच्या उलट्या तोंडाच्या बाकावर दोन. माझे गुडघे समोरच्या खुर्चीला टेकले होते. माझ्या बाजूचं सरकतं दार गंजून बसलं होतं, ते उघडतच नव्हतं. दलालाने ते हाताने थोपटून दाखवलं होतं. "ये साइड का दरवाजा बंदच रखने का, साहेब. बच्चा लोग के लिए सेफ." म्हणजे उतरायचं तर दुसऱ्या दाराने, आणि दुसऱ्या दारापर्यंत जायचं तर आधी शेजारची खुर्ची कोणीतरी बाहेर काढायला हवी.

या खुर्च्या मस्कतहून आल्या होत्या. दादाचं तिथलं काम संपलं तेव्हा त्याने आणि वहिनीने फ्रीज विकला, सोफा विकला, पण मुलांच्या गाडीत बांधायच्या तीन खुर्च्या काही विकल्या नाहीत. जुळ्या मुली चार वर्षांच्या आणि धाकटा अजून धड बोलतही नव्हता. भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच माणसं आणि तीन खुर्च्या वाढल्या. खुर्च्या हॉलमध्ये टीव्हीसमोर मांडलेल्या असायच्या. मुलं त्यात बसल्याशिवाय जेवत नसत, त्यामुळे आई खाली बसून एकेकाला पट्टा लावायची, भरवायची आणि पट्टा काढायची. शेजारच्या काकू एकदा दारातूनच म्हणाल्या, "आधी लगाम आणलात, आता घोडा कधी?" आई हसली, पण त्यानंतर घरात गाडीचा विषय रोज निघू लागला.

वहिनीला हसायचा हक्क कुणाला नव्हता, मलाही नाही. मस्कतला एकदा समोरून उंट आडवा आला आणि दादाने ब्रेक मारला. तरी धडक बसून पुढची काच फुटली. मागे जुळ्या पट्ट्यात लटकल्यासारख्या झाल्या आणि रडू लागल्या, पण कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. हे सांगताना तिचा आवाज अजूनही खाली जायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये एका स्कूटरवर पाच जण बसून देवळात जायचे, मुलं मांडीवर घेऊन लोक कुठेकुठे जायचे. वहिनी गॅलरीतून ते बघायची आणि आत यायची.

तेव्हा ठरलं ते असं. मुली जूनपासून बोरिवलीच्या माझ्याच जुन्या कॉन्व्हेंट शाळेत जाणार, कारण इंग्रजी तिथलंच चांगलं. धाकटा बोरिवलीतच वहिनीच्या आईकडे राहणार. वहिनी परत फोर्टच्या ऑफिसात, दादा वसईला नव्या कामावर. निवृत्त झाल्यावर बाबांनी भाईंदरच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन लायसन्स काढलं होतं, त्यामुळे गाडी ते चालवणार. ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचे आणि मान वळवायची झाली की गाडी थांबवायचे. म्हणून मागे मुलांजवळ कोणीतरी हवं. धाकट्याला आजीकडे सोडायचं, मुलींना शाळेत, शाळा सुटेपर्यंत तिथेच थांबायचं, मग सगळ्यांना गोळा करून परत यायचं. आईच्या मागे घर होतं. मग घरात मोकळी कोण होती, तर मी.

हे मला कोणी विचारलं नाही. रागावूनही कोणी सांगितलं नाही. एका रात्री जेवताना बाबा सहज म्हणाले, "तूच शिकलीस ना तिथे, तुला सिस्टर ओळखतात. जाता येता मुलींचं स्पेलिंग पण होईल." वहिनीने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली. आमच्याकडे होकार असाच धरला जायचा.

पण त्याच्या दोनच दिवस आधी, लायब्ररीची पुस्तकं बदलायला जाते असं सांगून मी अंधेरीला मुलाखत देऊन आले होते. एका औषध कंपनीच्या ग्रंथालयात साहाय्यक हवी होती. खोली लहान होती, तिला मोठी खिडकी होती, आणि तिथली बाई फार हळू आवाजात बोलत होती. शेवटी ती म्हणाली, एक जूनला या. जमणार नसेल तर येत्या सोमवारी कळवा, म्हणजे मी दुसऱ्या मुलीला बोलावीन. मी घरी आले, चपला काढल्या आणि धाकट्याचे वाळलेले कपडे घडी करायला बसले. आता व्हॅनमध्ये बसले होते तेव्हा सोमवार उद्यावर आला होता आणि मी अजून कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

बोलायचं असलं की माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं. शाळेत सगळं इंग्रजीतच होतं, भांडणंसुद्धा. इंग्रजीत ते वाक्य लहान आणि सभ्य होतं. घरच्या भाषेत आणायला गेलं की त्यात बाबा, आई, दादा, वहिनी सगळे येऊन बसायचे आणि ते कोणाला ना कोणाला लागेल असं वाटायचं. मग मी ते परत आत ठेवायची.

त्या रविवारी आम्ही घोडबंदरच्या बाजूला, हायवेला लागून ताडपत्रीखाली जुन्या गाड्या उभ्या असत तिथे गेलो होतो. वहिनीचा हट्ट होता की गाडी मुलांसकट आणि खुर्च्यांसकट बघायची. एका रिक्षात ती आणि तिन्ही मुलं. दुसऱ्या रिक्षात तीन खुर्च्या आणि मी. बाबा आणि दादा पुढे स्कूटरवर. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "ये क्या, सलून का सामान है?" मी नाही म्हणाले. पुढे काही बोलले नाही, त्यामुळे बहुतेक त्याला ते सलूनचंच वाटलं असेल.

पहिली गाडी चार दारांची, जुनी आणि भक्कम होती. मागच्या सीटवर दोन खुर्च्या आरामात बसल्या, तिसरी ठेवली की दार लागेना. दलाल दार कमरेने ढकलत होता. "दब जाएगा, साहेब, दब जाएगा." वहिनी म्हणाली, "दबायला ते काय कापूस आहे?" बाबा म्हणाले, एक खुर्ची पुढे ठेवू. वहिनी नको म्हणाली. आणि तशीही मला जागा नव्हती. क्षणभर मला त्या गाडीविषयी फार माया वाटली.

दुसरी लांब जीप होती, मागे दोन्ही बाजूंना आडवे बाक असलेली. त्यात लग्नाचं वऱ्हाड मावलं असतं. पण खुर्च्या आडव्या लावल्या तर वळणावर घसरणार, हे बाबांनासुद्धा पटलं.

मग ही व्हॅन आली. पांढरी, आत समोरासमोर दोन बाक. दलाल खूश झाला. "ये पूरा फॅमिली का गाडी है. बेबी इधर बैठेगी, तीनों बच्चे पे नजर." बेबी म्हणजे मी. मागे बेल्ट कुठेच नव्हते. खुर्च्या होत्या, पण त्या बांधायला गाडीत काहीच नव्हतं, आणि महिनाभर मस्कतच्या गोष्टी करूनही हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वहिनीने बाकाच्या फटीत हात घालून बघितला. दादा म्हणाला, बेल्ट बसवून घेऊ, आत्ता नुसतं बघू तरी. त्याने दलालाकडून सुतळी मागितली. ती दोन खुर्च्यांना पुरली. तिसरीसाठी त्याने माझ्याकडे बघून हात पुढे केला, आणि मी माझी ओढणी काढून दिली. माझ्या शेजारची खुर्ची त्याने ओढणीने बाकाला करकचून बांधली आणि धाकट्याला तिच्यात बसवला. जुळ्या माझ्यासमोर बसल्या. दार सरकवून बंद केलं. आणि मग बाहेर उभं राहून तो 'ती कुठेही मावते' हे वाक्य म्हणाला.

आत ऊन भरलं होतं. धाकट्याने माझी बांगडी धरली होती. जुळ्यांपैकी एकीने विचारलं, "आत्या, तू कुठे चाललीस?" मी म्हणाले, कुठेच नाही. ती म्हणाली, "मग पाय का हलवतेस?"

बाहेर दलालाने मेकॅनिकला बोलावलं होतं. तो चहा पीतच आला, दार सरकवून आत डोकं घातलं, मोजपट्टी लावली आणि म्हणाला, बाक फार जागा खातो. मागचा बाक काढून टाकू. खुर्चीला वेगळा पाटा करू, आणि कोपऱ्यात ताईंना एक छोटी सीट देऊ, खालून नटबोल्ट मारून. हलणार नाही. दादाने विचारलं, परत काढता येईल का? मेकॅनिक म्हणाला, "काढायची कशाला? पत्रा कापल्यावर परत बाक नाही बसत. पक्कं काम पक्कं."

"पक्कंच करा," बाबा म्हणाले. "रोज जायचंय तिला. पुढे दोन-चार वर्षं तरी."

दोन-चार वर्षं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. वहिनीने तेव्हा माझ्याकडे बघितलं. मग तिने दारातून हात घालून मुलीच्या तोंडावर आलेले केस बाजूला केले. तिला पण ऑफिसला जायचं होतं. तिच्या बाजूने बघितलं तर मी म्हणजे चौथा पट्टा होते, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

मेकॅनिकने खिशातून खडू काढला. "ताई, जरा पाय वर घ्या."

मी पाय वर घेतले. माझ्या तळव्यांखाली त्याने पत्र्यावर एक चौकोन काढला आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर फुल्या मारल्या. चौकोन माझ्या शाळेतल्या वहीहून फार मोठा नव्हता. मग तो म्हणाला, "साहेब, टोकनचे पैसे देताय तर आत्ताच भोकं मारून ठेवतो. संध्याकाळी सीट लावून गाडी घरी." दादा म्हणाला, मार. मेकॅनिक ड्रिल आणायला ताडपत्रीखाली गेला. वायर उलगडल्याचा आवाज आला.

पाय वर घेतलेलेच होते. ते खाली ठेवायचे तर त्या चौकोनातच ठेवावे लागले असते. मी माझं नोकरीचं वाक्य परत एकदा इंग्रजीत म्हणून बघितलं. ते अजूनही सभ्य होतं आणि अजूनही कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. धाकटा झोपेला आला होता, त्याचं डोकं माझ्या ओढणीच्या गाठीवर कलंडलं होतं. बाबा खिडकीपाशी आले, वाकले आणि विचारलं, "बसशील ना नीट? पाय अवघडणार नाहीत ना?" ते खरोखरच काळजीने विचारत होते. मी मान हलवली असती तर ते तेवढ्यावर समाधानाने परत गेले असते. मान हलवायला मी सुरुवातही केली होती.

मेकॅनिक ड्रिल घेऊन दारात आला आणि धाकट्याची खुर्ची सरकवायला त्याने ओढणीच्या गाठीला हात घातला.

"बाबा, त्याला थांबायला सांगा, ती भोकं पाडू नका," मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की जुळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "मला अंधेरीला नोकरी लागलीय. एक जूनपासून मी जाणार आहे. मुलांबरोबर जायला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."