दोनशे चौदा शेड

रंजना निकम माझ्या क्लासात आली ती वडिलांच्या सायकलवर मागे बसून. साल पंच्याण्णव. गोडादऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत मी कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. दोन मशीन, दोन्ही कुणीतरी वापरून टाकलेली, आणि विद्यार्थी अठरा. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि कीबोर्डवर पांढरा थर बसायचा. प्रत्येकाला मशीनवर अर्धा तास मिळे. बाकीचा वेळ वहीत प्रोग्राम लिहायचा आणि त्याचं उत्तर डोक्यानं काढायचं.

मगन निकम दारात उभेच राहिले. मूळचे पारोळ्याकडचे. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये वीस वर्षं रंग तोलायच्या खोलीत होते. नखांच्या कडा कायमच्या निळ्या झालेल्या. आत यायला लाजत होते, कारण चपला काढल्या तर पायाचेही रंग दिसले असते.

"सर, हाई शिकीसन पोरले काम भेटी का?" त्यांनी विचारलं.

खरं उत्तर मला माहीत नव्हतं. "नक्की मिळेल," मी म्हणालो.

रंजना बारावी झालेली. दिवसभर आईबरोबर, शोभाबाईंबरोबर, साड्यांना टिकल्या चिकटवायची. एकोणीस वर्षांची पोर आणि वस्तू डोळ्यांजवळ धरून बघायची सवय लागलेली.

पहिले दोन महिने ती फारसं बोलली नाही. मग मी ॲरे शिकवायला घेतला. नेहमीसारखंच सांगितलं, की व्हेरिएबल म्हणजे एक डबा. पन्नास मुलांचे मार्क ठेवायचे तर पन्नास डब्यांना पन्नास नावं कुठून आणणार? मग सगळ्या रांगेला एक नाव द्यायचं आणि डब्यांना नंबर घालायचे. मुलं नेहमीसारखी माना डोलावत होती. रंजना म्हणाली, "सर, आबांच्या खोलीत असंच आहे. रॅक एक, बरण्यांना नंबर. आबा नंबरच बोलतात, रंगाचं नाव कधीच घेत नाहीत."

त्या दिवशी तिच्या प्रोग्रामनं अकराव्या डब्याशी दगा दिला. पडद्यावर चुकीची ओळ आली आणि ती माझ्याकडे रागानं बघायला लागली, जसं काही मीच केलं होतं.

"दहापर्यंत घेतलं की यानं. अकरावा का नको म्हणतो?"

"दहापर्यंत तो न विचारता चालवून घेतो. जास्त लागणार असतील तर आधी डिम लिहून जागा मागायची."

"किती मागू?"

"किती लागतील?"

तिनं थोडा विचार केला. "आबांना विचारून सांगते."

तेव्हा मला कळलं, की ती मार्कांचा प्रोग्राम लिहीतच नव्हती.

मिलमध्ये पॉलिएस्टरचा एकेक रंग तीन मूळ रंगांतून बनतो. पिवळा इतका, लाल इतका, निळा इतका. कापडाच्या वजनाच्या शेकड्यात ते प्रमाण असतं आणि ते थोडं जरी चुकलं तरी अख्खा लॉट वाया जातो. कागदावर ही जबाबदारी डाइंग मास्टरची. पण शिकलेले मास्टर वर्ष-दोन वर्षांत बदलायचे. व्यापारी साडीचा तुकडा घेऊन आला की तो मगनरावांपुढेच जायचा. ते तो तुकडा खिडकीपाशी नेत, एकदा उजेडात, एकदा सावलीत धरत आणि तीन आकडे बोलत. चौथी शिकलेला माणूस. वही कधी ठेवली नाही. सगळं डोक्यात.

ते डोक्यातलं रंजनाला डब्यांत ठेवायचं होतं. दोन बाजूंचा ॲरे तिला मी शिकवलेल्या दिवशीच समजला. आडव्या ओळीला एक शेड, म्हणजे तयार रंगाची एक छटा, उभ्या रांगांना तीन मूळ रंग. मी शिकवलेलं इतक्या लवकर दुसऱ्या कुणालाच समजलं नव्हतं.

रविवारी क्लास बंद असायचा. मी तिला किल्ली द्यायला लागलो. मगनराव शेजारी स्टुलावर बसत, मांडीवर कापडाच्या तुकड्यांची पिशवी. "मी सांगस, तू लिख," असं म्हणत एकेक तुकडा काढत. मोरपंखी, जांभळा, कांदा, गेरू. प्रत्येकाचे तीन आकडे. तिची बोटं अजून अडखळायची, म्हणून ते थांबत. थांबल्यावर त्यांना जुन्या गोष्टी आठवत. अमुक शेड कुठल्या दिवाळीला खपली, तमुक शेडच्या पायी कुठला मास्टर गेला. त्या माणसाला इतकं बोलताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

तिसऱ्या रविवारी लाइट गेली. साठ शेड भरून झाल्या होत्या. लाइट आली तेव्हा मशीन कोरं.

"कुठे गेलं?" रंजनानं विचारलं.

"ॲरे म्हणजे मशीनची आठवण आहे. वीज आहे तोवर. राहावं असं वाटत असेल तर फाइलीत लिहावं लागतं."

दुसऱ्याच दिवशी मी तिला डेटा फाइल शिकवली. फाइल उघडताना एक अक्षर द्यायचं. 'ओ' दिलं तर फाइल नव्यानं लिहिली जाते आणि आधीचं सगळं पुसलं जातं. 'ए' दिलं तर जुन्याच्या शेवटी भर पडते. वाचायची असेल तर 'आय'. हे मी तीनदा बजावलं. तरी पुढच्या महिन्यात तिच्या हातून 'ए'च्या जागी 'ओ' पडलाच. नव्वद शेड गेल्या. ती रडायला लागली. मगनराव हसले, पिशवी पुन्हा उघडली आणि पहिल्या तुकड्यापासून सुरुवात केली. एकही आकडा बदलला नाही. सुरुवातीच्या काही शेड रंजनानं वहीत उतरवल्या होत्या, ती वही समोर धरून मी ताडून पाहत होतो.

"आता दोन कॉपी ठेव," मी रंजनाला म्हणालो. "एक फ्लॉपीवर. नेहमी."

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पुढचं मी केलं.

मगनरावांच्या मिलच्या शेठचा पुतण्या कधीमधी माझ्याकडे शिकायला यायचा. एके दिवशी मी त्याला रंजनाचा प्रोग्राम दाखवला. शेडचा नंबर टाकला की तीन आकडे. कापडाचं वजन टाकलं की किती ग्रॅम रंग तोलायचा तेही. माझी विद्यार्थिनी, गोडादऱ्याची पोर, मिलच्या कामगाराची मुलगी. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. पुतण्या दोन वेळा बघून गेला. आठ दिवसांत शेठनं रंजनाला बोलावून लॅबमध्ये नोकरी दिली.

शोभाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. बापलेक एका सायकलवर मिलला जायला लागले. गेटवर माणसं मगनरावांना म्हणत, "पोरगी ऑफिसात गेली तुमची." सहा महिन्यांत रंजनानं राहिलेल्या शेड भरल्या. एकूण दोनशे चौदा. मगनरावांनी पिशवी उलटी करून दाखवली. आत काही उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या पगाराच्या दिवशी शेठनं त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि गुजरातीत म्हणाला, "मगनभाई, बहु काम कर्युं. हवे आराम करो." मगनरावांना आधी वाटलं, शेठ सुट्टी देतोय. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. एक्कावन्न वर्षांचे होते ते. रंजना तेव्हा भिंतीपलीकडे प्रिंटरमधून उद्याच्या लॉटचे आकडे काढत होती. हे तिनंच मला सांगितलं. प्रिंटरच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी सायकलपाशी गेली तर सायकल नव्हती. वडील दुपारीच एकटे निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती क्लासात आली. विद्यार्थी बसले होते, त्यांच्यासमोरच बोलली.

"सर, 'ए'च्या जागी 'ओ' लिहिलं की झालं. एक अक्षर."

मी मुलांना खाली पाठवलं.

"फ्लॉपी?" मी विचारलं.

"शेठच्या कपाटात. मीच दिली काढून. दोन कॉपी ठेवायच्या म्हणालात ना."

मी म्हणालो, "नोकरी सोडू नकोस. आता घरात तुझाच पगार आहे." तिनं मान हलवली. ती हे ऐकायला आली नव्हती, एवढं मला कळलं.

ती जात राहिली. आता शेअर रिक्षानं.

एप्रिलमध्ये मिलचं बोअरिंग आटलं आणि टँकरचं पाणी सुरू झालं. फाइलीतले आकडे तेच, रंगही तेच, पण कापड मळकट यायला लागलं. मोरपंखी काळपट दिसे, कांदा मातकट. नव्या मास्टरनं दोन लॉट बिघडवले. पाण्याचा विचार त्या प्रोग्राममध्ये कुठे नव्हता. मगनरावांना कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता ते काही सांगणारे नव्हते. शेठ लॅबमध्ये आला आणि रंजनाला सरळ म्हणाला, "घरे बापुजीने पूछी आव."

तिनं संध्याकाळी जेवताना विचारलं. मगनरावांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "पानी खारं शे. ॲसिड वाढाव. निळा जरा कमी कर." किती कमी, तेही सांगितलं. सकाळी लॉट बरोबर आला.

मग हे दर आठ-दहा दिवसांनी होऊ लागलं. रंगाचा ड्रम बदलला, कापडाचा व्यापारी बदलला, की रंजना घरी तुकडा घेऊन यायची. मगनराव ओसरीवर उजेडात धरून बघायचे आणि सांगायचे. शोभाबाई एकदा भांडी घासताना ओरडल्या, "तुमले काढी टाकं त्यासनी, अन् तुम्ही घरमा बशीसन त्यासनंच काम करतस?" मगनराव तुकडा उलटसुलट करून बघतच राहिले. मला वाटतं, त्यांना ते आवडत होतं. मिलमध्ये त्यांच्यावाचून अडतंय, हे त्यांना दर आठवड्याला कळत होतं. रंजनाला मात्र ते बघवेना. तिला दिसत होतं की शेठ तिच्या बापाला फुकटात वापरतोय आणि हातात तुकडा देऊन ती स्वतःच त्याला वापरायला देतेय.

जूनमध्ये शेठनं पुन्हा विचारायला सांगितलं तेव्हा तिनं तो तुकडा घरी आणलाच नाही. दुसऱ्या दिवशी शेठला म्हणाली, "आबांना आता आठवत नाही. विसरायला लागलेत."

तिला वाटलं, प्रश्न मिटला. शेठनं खरंच पुन्हा विचारलं नाही. पण मिलमध्ये बातमी फिरली. हिलाल नावाचा, कापड रंगवायच्या जेट मशीनवरचा जुना कामगार होता, मगनरावांच्याच गावाकडचा. लिंबायतच्या भाजीबाजारात तो मगनरावांना भेटला आणि कळवळून म्हणाला, "मगन, डॉक्टरला दाखव रे. तुझं डोकं गेलं म्हणतात. पोरगीच सांगत होती शेठला."

मगनराव भाजी न घेता घरी आले. रंजना कामावरून येईपर्यंत बसून राहिले.

"मी भुली गऊ, अशी तू बोलनी?"

"आबा, तो फुकट—"

"अशी तू बोलनी का?"

"हो."

त्यांनी आत जाऊन तुकड्यांची पिशवी आणली आणि तिच्यासमोर ओतली. खाली बसून एकेक तुकडा उचलायचे आणि तीन आकडे बोलायचे. ती "आबा, बस करा" म्हणत होती. शोभाबाईंनी हात धरला. ते थांबले नाहीत. जेवणं झाली नाहीत त्या दिवशी. दोनशे चौदा झाल्या तेव्हा उठले. शोभाबाई मला म्हणाल्या, की एवढं सगळं होताना त्यांनी पोरीकडे एकदाही पाहिलं नाही. कापडाकडेच पाहत होते.

त्यानंतर ते तिच्याशी बोलायचे थांबले. इच्छापोरला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनचं काम धरलं. सायकलनं जायचे, दीड तास जायला, दीड तास यायला. मी एकदा मुद्दाम गेलो होतो तिकडे. मला बघून खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो, तर म्हणाले, "सर, तुम्ही शिकवलं चांगलं." त्यात टोमणा होता की नव्हता, हे मला ठरवता आलं नाही. आत जाणाऱ्या ट्रकचा नंबर त्यांनी वहीत लिहिला आणि फाटक उघडलं.

अठ्ठ्याण्णवमध्ये मिलनं रंग ओळखणारं तयार मशीन आणलं. कापड ठेवलं की तेच आकडे देतं. रंजनाच्या फाइलीची गरज संपली. तिला डिस्पॅचला चलनं टाइप करायला बसवलं. तिनं महिनाभरात नोकरी सोडली आणि माझ्याकडे शिकवायला आली. ॲरे ती माझ्यापेक्षा चांगला शिकवायची. पोरांना वहीत चौकोन काढायला लावायची, बोट ठेवून नंबर मोजायला लावायची. फाइलींचा धडा आला की म्हणायची, "सर, हे तुम्ही घ्या," आणि खाली गिरणीपाशी जाऊन उभी राहायची.

नव्व्याण्णवला तिचं लग्न ठरलं, शिरपूरकडे. साड्या घ्यायला सगळे रिंग रोडच्या बाजारात गेले. मगनरावही गेले, शोभाबाईंनी नेलंच. दुकानात पंधरा-वीस साड्या उलगडल्या. रंजनानं त्यातल्या दोन उचलल्या, वडिलांपुढे धरल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना काही विचारलं.

"आबा, यातली कोणती?"

मगनरावांनी दोन्ही पाहिल्या. शोभाबाई सांगतात, त्यांचा हात उचलला गेला होता, पदर उजेडात धरायला. मग तो त्यांनी मांडीवर ठेवला.

"दुकानदारले इचार," म्हणाले. "माले काय समजस."

दुकानदारानं पुढे केली ती साडी रंजनानं घेतली. लग्नात मी गेलो होतो. त्या साडीच्या लाल रंगात निळा थोडा जास्त पडला होता. हे मलासुद्धा दिसत होतं.